काचेवरची वाफ

दादा लढाईत बेपत्ता झाला, तेव्हापासून त्याच्या वर्दीतल्या फोटोची काच एकाच जागी धुरकटायची, बरोबर त्याच्या ओठांपुढे. आई रोज पुसायची, पण डाग काही जायचा नाही. शेवटी आम्ही दोघी फोटो घेऊन फ्रेमवाल्याकडे गेलो.

"डाग आतून आहे, काकू. बाहेरून पुसून नुसते हात दुखतील," तो हसला. "मागच्या फटीतून दमट हवा शिरते. आता अशी पट्टी मारतो, की मुंगीसुद्धा आत जायची नाही."

त्याने काच काढून कोरडी केली, फोटो परत बसवला आणि मागच्या चारही कडांवर चिकटपट्टी दाबून लावली. मग फ्रेम आमच्यासमोर उभी केली.

आईच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. "बघ तरी, कसा राजबिंडा दिसतोय!"

तेवढ्यात दादाच्या ओठांपुढे वाफेचा छोटा गोल उमटला. विरला. पुन्हा उमटला.

"आत्ता तर पुसली होती," फ्रेमवाला पुटपुटला.

गोल भराभर येऊ-जाऊ लागला, धाप लागावी तसा. मी नुसती बघत राहिले. आईला मात्र कळलं.

"अहो, पट्टी काढा! आधी ती पट्टी काढा!" ती किंचाळली.

फ्रेमवाल्याने फ्रेम पालथी घातली आणि पट्टीवर पातं चालवलं. एक कड सुटली. दुसरी सुटली. उरलेली पट्टी आईने नखांनीच ओरबाडली आणि फ्रेम उलटली.

काच लख्ख होती. दादाच्या ओठांपुढेसुद्धा.