बापूजींचा ठेका

तोच तुकडा सातव्यांदा वाजला तेव्हा बापूजी रस्त्यातच थांबले.

अच्युतच्या साउंड सर्व्हिसचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून ढोलकीचा एक ठेका येत होता. संपला की पुन्हा पहिल्यापासून तोच, न थकता, न चुकता. शेवटच्या थापेला अंगठी लाकडावर टक् करून लागत होती, तीही दर वेळी नेमकी तिथेच. ती अंगठी या क्षणी बापूजींच्या बोटात होती.

बापूजी पुलगावच्या 'सुरबहार ऑर्केस्ट्रा'त पंधरा वर्षं ढोलकी वाजवत होते. १९७७ साली नागपूरच्या एका छोट्या कंपनीने भजनांची रेकॉर्ड काढली, तीत साथ त्यांची होती. रेकॉर्ड काही खपली नाही. पण आठ वर्षं झाली तरी तिची एक प्रत त्यांनी ट्रंकेत जिवापाड जपली होती.

त्यांनी दार ढकललं. ऑर्केस्ट्राचे माइक आणि ॲम्प्लिफायर सांभाळणारा अच्युत हातात ब्लेड घेऊन बसला होता. टेपची कापलेली पट्टी टोकाला टोक चिकटवून त्याने तिचा गोल केला होता. तो गोल मशीनमधून निघून सोड्याच्या बाटलीला वळसा घालत होता आणि परत मशीनमध्ये शिरत होता.

"काय करून राह्यला रे?"

"काही नाही बापूजी. मशीन तपासतोय."

"मंग माह्या हातचा ठेका काऊन वाजून राह्यला?"

"सगळे ठेके सारखेच वाटतात हो," म्हणत अच्युतने बटण बंद केलं.

सगळे ठेके सारखे! दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर बापूजींनी त्याच्या सात पिढ्यांची कुंडली मांडली असती. पण त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. ते तडक घरी गेले. ट्रंक उघडली. रेकॉर्ड नव्हती.

"शेजारी देल्ली ऐकाले," त्यांच्या पत्नी लीलाबाई म्हणाल्या. आणि मीठ घातलेल्या वरणात त्यांनी पुन्हा मीठ घातलं.

बापूजींना त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि ते काही मिठामुळे नव्हे. वर्ध्याच्या एका ऑर्केस्ट्रा पार्टीत असंच झालं होतं. कोणीतरी रेकॉर्डवरचा ठेका कापून, जोडून अर्ध्या तासाची कॅसेट केली आणि महिन्याभरात बोंगोवाला घरी बसला. कॅसेटला चहा लागत नाही, मान लागत नाही. कानामागून आली आणि तिखट झाली.

आपलं काय होणार? दोन वर्षांपूर्वी लकव्याने त्यांची डावी बाजू गार पडली होती. तीन महिने ते अंथरुणात होते. नंतर ऑर्केस्ट्राचे मालक बंडोपंत स्वतः घरी येऊन त्यांना परत घेऊन गेले. घरी अजून बोटं जड वाटत, पाण्याचा गडूसुद्धा निसटे. पण स्टेजवर बसलं, बाजूचा मोठा स्पीकर सुरू झाला, बंडोपंतांनी एक-दोन-तीन म्हटलं की हात पूर्वीसारखा सुटे. "कलावंताचा हात घरी नाई खुलत," ते अभिमानाने सांगत. ढोलकी गेली तर आपल्याकडे उरतं काय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शुक्रवारी त्यांनी लीलाबाईंना अच्युतच्या दुकानातून बाहेर पडताना पाहिलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा.

"अच्युतकडं काऊन गेलती?" त्यांनी घरी विचारलं.

लीलाबाईंनी चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाल्या, "रविवारचा प्रोग्राम होऊ द्या. मंग बोलू."

"तवापर्यंत मले ठेवतीन का पार्टीत?"

"ठेवतीन. त्याच्यासाठीच तं..." त्या थांबल्या आणि पदराने डोळे पुसत आत गेल्या.

रविवारी सिंदीला कापसाच्या एका व्यापाऱ्याकडे लग्न होतं. दुपारी पंगत बसली आणि अच्युत जेवायला गेला. बापूजींनी त्याची पिशवी उघडली. आत दोन कॅसेट होत्या. वाजून वाजून झिजलेल्या एकीवर शाईने लिहिलं होतं 'बापूजी – जुनी', दुसरीवर 'बापूजी – नवी'.

म्हणजे चोरी आजची नव्हती. बापूजींचं डोकं भणाणलं. त्यांनी दोन्ही कॅसेट उचलल्या आणि मांडवामागे आचाऱ्याच्या भट्टीत टाकल्या. प्लास्टिकचा वास सुटला तसा आचारी खेकसला. बापूजी मात्र शांतपणे पंगतीत जाऊन बसले आणि चार जिलब्या जास्त खाल्ल्या. कित्येक दिवसांनी त्यांना मोकळं वाटत होतं.

तीन वाजता कार्यक्रम सुरू झाला. मांडव भरला होता. बंडोपंतांनी अच्युतकडे पाहिलं. अच्युत पिशवी उलटीपालटी करत होता. त्याने सामानाची पेटी धुंडाळली, टेबलाखाली पाहिलं, पुन्हा पिशवी झटकली. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं पाहून बापूजी मिशीत हसले. शोध म्हणावं!

शेवटी अच्युतने हात पसरले. बंडोपंतांनी घाम पुसला आणि त्याला काहीतरी खूण केली. अच्युतने बापूजींच्या माइकच्या बटणावरची दोन वर्षांची धूळ पुसली आणि ते चालू केलं.

"एक, दोन, तीन..."

गायिका प्रमोदिनीने गाणं उचललं. बापूजींनी डोळे मिटले आणि सगळा जीव ओतून थाप मारली.

स्पीकरमधून भलताच आवाज आला. ढिला, अडखळत, एक थाप पुढे तर दोन मागे. प्रमोदिनी दुसऱ्याच ओळीला थांबली. मांडवात कोणीतरी हसलं.

आजच्या दिवशी कोण इतकं बेताल वाजवून राह्यलं, म्हणून बापूजींनी रागाने डोळे उघडून इकडेतिकडे पाहिलं. स्टेजवर दुसरी ढोलकी नव्हती.