आतून आलेलं उत्तर

तेलीबांध्याच्या ऑफिसात खोल समुद्रातल्या पाणबुडीची कॅबिन चाचणीला ठेवली होती. आतल्यांनी दर पाच मिनिटांनी ‘ठीक आहोत’चं बटण दाबायचं; नाही दाबलं तर लोखंडी वजनं आपोआप सुटून पाणबुडी वर यायची.

आज कॅबिन रिकामी, तरी तासभर वजनं सुटली नाहीत. चाचणी घेणाऱ्या अपर्णाला यंत्रणाच बिघडल्याची शंका आली. पुढल्या महिन्यात तीन माणसं खाली उतरणार होती. तिनं घाईघाईनं नोंदींचा लॉग उघडला. बटण दर वेळी दाबलेलं होतं.

“सुशीलभैया, आपली यंत्रणा बरोबर आहे! आत कोणीतरी बसून राहिलं.”

“कसं बसंल? मीनंच रिकामी पाहून बाहेरून कुलूप लावलं.”

दोघं घड्याळाकडे बघत राहिले. पाच मिनिटं भरली. लॉगमध्ये नवी ओळ उमटली: ठीक आहोत.

अपर्णानं नकळत सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मग तिची नजर कॅबिनच्या बाहेरच्या कुलपावर गेली.