चारशे टोळ्या आणि एक शिपाई

“परके!” डॉ. उदयसिंह माईकवर गरजले. “ब्रिटनमधल्या वेल्श लोकांच्या नावाचा अर्थ एवढाच. शेजारच्या जर्मानिक लोकांनी ठेवलेलं नाव. ते स्वतःला काय म्हणतात? कुम्री. म्हणजे एकाच मुलखातले. रोमनांनीही तेच केलं. पलीकडच्या टोळीचं नाव अलीकडच्या टोळीला विचारलं आणि लिहून टाकलं. ज्याचं नाव, त्याला विचारायची तसदी कुणी घेतली नाही. केवढी ही बेपर्वाई, मित्रहो!”

टाळ्या पडल्या. टाळ्या कमी पडल्या की सर तेच वाक्य पुन्हा म्हणत, म्हणून लोक आधीच वाजवून मोकळे होत. कोल्हापुरात बसून सरांनी केल्टिक आणि जर्मानिक टोळ्यांच्या चारशे नावांचं मूळ शोधलं होतं. त्या पुस्तकाचं आज प्रकाशन होतं. भाषा विभागाचा शिपाई याच महिन्यात निवृत्त होत होता, तेव्हा त्याचाही सत्कार उरकायचं ठरलं होतं. उरकायचं हा सरांचाच शब्द.

शिपाई कोल्हापुरातल्याच कसबा बावडा भागातला. एकतीस वर्षांपूर्वी तो रुजू झाला त्या दिवशी कुणीतरी म्हणालं, “हा बावड्याचा.” तेव्हापासून सरांसाठी तो बावडा. “ए बावडा, चहा.” “बावडा, खोकं उचल.” टोळ्यांची चार हजार कार्डं त्यानेच पुसली, लावली, वाळवी लागली तेव्हा उन्हात घातली. नेर्वी टोळी कुठल्या खणात आणि खेरुस्की टोळी कुठल्या, हे सरांना त्यालाच विचारावं लागे. पुस्तकात आभार मानलेत त्या पानावर सरांच्या कुत्र्याचं नाव आहे. शिपायाचं नाही.

घरी मात्र त्याने वेगळंच सांगितलं होतं. “सर मला नावानं हाक मारत्यात. मागं दादा लावत्यात.” आयुष्यात तो एवढंच खोटं बोलला असेल. आज ते उघडं पडू नये, एवढीच त्याची इच्छा होती. पहिल्या रांगेत त्याची बायको बसली होती. तिला सगळी गल्ली आक्का म्हणते. शेजारी गल्लीतली दहा-बारा माणसं होती. सर आपल्या माणसाचं नाव कसं घेतात, ते ऐकायला सगळी नटूनथटून आली होती.

“आणि आता आपल्या विभागाचे...” सर शाल-नारळ घेऊन उभे राहिले आणि अडले. पत्रिकेवर ‘शिपायाचा सत्कार’ एवढंच छापलेलं. ती पत्रिका सरांनीच लिहिली होती. ते शेजारच्या प्राध्यापकांकडे वाकले. माईक चालू होता.

“या बावड्याचं नाव काय हो?”

“आम्ही पण बावडाच म्हणतो, सर.”

सभागृहात खसखस पिकली. व्यासपीठाच्या टोकाला खुर्चीवर बसलेला शिपाई मान खाली घालून स्वतःच्या चपला बघत राहिला. आक्काने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

सरांच्या जागी दुसरा कुणी असता तर शरमेने मेला असता. सरांना शरम हा प्रकारच ठाऊक नव्हता. शिपाई त्यांच्यापासून चार पावलांवर होता, पण त्याला विचारायचं त्यांना सुचलं नाही. ते पहिल्या रांगेकडे बघून हसले. “वहिनी, तुम्हीच सांगा. पण झकास उखाण्यात हं!”

चाळीस वर्षांच्या संसारात आक्काने नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानात असो, दवाखान्यात असो, नाव सांगायची वेळ आली की ती शेजारणीला पुढे करायची. लोकांनी मोबाइल वर धरले. कुणीतरी शिट्टीही मारली. आक्का उठली. तिने पदर खोचला आणि सरांच्या डोळ्यांत बघितलं. उखाणा तिने घेतलाच नाही.

“जोतीराम,” ती म्हणाली. शिपायाने मान वर केली. “जोतीराम दत्तू पोवार. एकतीस वरसं ह्येंनी तुमची कार्डं पुसली. आता एक कोरं कार्ड घ्या आन् लिवा.”