पाहुण्यांची तंगडी

चर्चचे पाळक असलेले वडील वारल्यानंतर प्रमिला पहिल्यांदाच माहेरी आली होती. एस्तेरबाईंनी रश्श्यातून कोंबडीची तंगडी शोधून लेकीच्या ताटात वाढली.

प्रमिलानं ती अलगद पातेल्यात परत सोडली आणि मानेचा तुकडा घेतला.

“अगं, आज कुणी पाहुणे नाहीत. खा ना!”

“राहू दे गं आई. मला मानच आवडते, लहानपणापासून तीच खाल्लीय ना.”

तिच्या बोलण्यात जराही राग नव्हता. एस्तेरबाईंनी मात्र आपलं ताट बाजूला सारलं.

चर्चचं कुणीही घरी आलं की तंगड्या त्यांच्या ताटात जायच्या. पाहुण्याच्या रूपानं प्रभूच जेवतो, असं त्या मानायच्या. “आधी पाहुण्यांचं होऊ दे,” म्हटलं की भुकेली प्रमिला स्वयंपाकघराच्या पडद्याआड मुकाट थांबायची.

तिथं तिच्याशेजारी प्रभूही उपाशी उभा असेल, हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं.