वाढलेली बांगडी

ज्याचे हित करायचे, त्याची भाषा आधी समजून घेणे हे उपकारकर्त्याचे पहिले कर्तव्य होय. आरोग्यकेंद्राच्या यंत्राला ते कोणी शिकवले नव्हते.

प्राचीन रोमन कारागिरांप्रमाणे काचेच्या रसात सोन्यारुप्याची पूड मिसळून भागीरथीबाई कासार हिरव्या बांगड्या घडवीत. घालणारीला ताप चढला की त्या लाल होत आणि यंत्राला वर्दी जाई. आज गरोदर सुनेला चुडा भरताना त्यातली एक फुटली.

"तापाचे माप कळत नाही. काय झाले?" घराच्या भिंतीवरून यंत्राने विचारले.

"वाढली," भागीरथीबाई रीतीप्रमाणे म्हणाल्या.

लगोलग दारात रुग्णवाहिका उभी राहिली आणि तीतून परिचारिका उतरली.

"अगं, ताप नव्हे, बांगडी वाढली!"

"आजी, यंत्राला 'फुटली' म्हणून सांगा, नाहीतर वहिनींना न्यावंच लागेल," परिचारिका म्हणाली.

"पोटुशीसमोर तसलं अभद्र बोलू? जीभ झडेल माझी!"

वैतागून त्यांनी सुनेच्या हातात नवी बांगडी सरकवली. ती हिरवीच राहिली आणि यंत्र गप्प झाले. मग दुसरी त्यांनी परिचारिकेला भरली व तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बये, तुझी काच कधी न वाढो. या यंत्राची समज तेवढी वाढो."