स्वतःच्या मापाचा पुतळा

शिंपीणबाईंनी कपडे बेतायला स्वतःच्या मापाचा पुतळा करून घेतला होता. गिऱ्हाइकांच्या चुका त्या हसून पोटात घालत, स्वतःचा टाका चुकला, की मात्र "डोळे फुटले का गं तुझे?" म्हणत पुतळ्यात टाचणी खुपसत. वीस वर्षांत त्याची चाळण झाली होती.

"अक्का, स्वतःवर जरा माया कर," धाकटी बहीण म्हणाली. "माझ्याशी बोलतेस तशी या पुतळ्याशी बोल."

अक्कांनी संकोचत पुतळ्यावरून हात फिरवला. "चुकलं बाई माझं. झालं गेलं विसर." मग एकेक टाचणी हलक्या हाताने उपसून वाटीत टाकली. पहिली निघाली खांद्यातली, लाल मुंडीची. माफी मागितली की मिटतं, अशी त्यांची भाबडी समजूत होती.

तेवढ्यात त्यांच्या खांद्यात कळ गेली. चाचपलं तर बोटांना मुंडी लागली. टाचणी आत रुतली होती, आणि मुंडी लाल होती.

पुतळा जागचा हलला नव्हता.

"बघ, डोळ्यांत पाणी आलं. मोकळं वाटतंय ना?" बहीण कौतुकाने म्हणाली आणि तिने बाहेर पडून दार ओढून घेतलं. "बस आता निवांत, स्वतःबरोबर."

वाटीतल्या टाचण्या खुळखुळल्या.