गुलाब सांगून लॅव्हेंडर

साखरेचा पाक करपला तेव्हा नाकसाहेब शेगडीकडे पाठ करून संत्र्याची साल काढत होते. बायको गच्चीवरून धावत आली आणि तिने भांडं खाली ओढलं.

"लक्ष कुठे असतं हो तुमचं?"

"त्या कार्ट्याकडे," नाकसाहेब म्हणाले.

अत्तराच्या कारखान्यातून एकतीस वर्षं त्यांनी हुंगल्याशिवाय एकही माल बाहेर पडला नव्हता. नाकसाहेब हे नाव कामगारांनीच दिलेलं, आणि ते त्यांना पदवीसारखं वाटायचं. आता मुख्य परीक्षक कोण, हे मालकीणबाई उद्या जाहीर करणार होत्या. ज्याला संत्र्याची आणि मोसंबीची साल वेगळी ओळखायला नाकसाहेबांनीच शिकवलं, तो त्यांच्या हाताखालचा धाकटा परीक्षक त्यांच्या खुर्चीवर बसणार अशी कुजबुज होती. आठवडाभर नाकसाहेबांच्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं औषधाने जाणारं नव्हतं.

त्यात धाकट्याचा आगाऊपणा. सहा महिने तो त्यांच्या प्रत्येक मिश्रणात मागाहून थेंब-दोन थेंब काहीतरी घालत होता. विचारलं की म्हणायचा, "काही नाही सर, जरासं." त्या 'जराशा'ने त्यांचं डोकं फिरायचं.

पण एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. हिवाळ्यात धाकटा तापाने महिनाभर झोपला होता, आणि तेव्हापासून नाकसाहेबांचा प्रत्येक नमुना तो दोनदा हुंगायचा. ज्याला पहिल्यांदा कळतं तो दुसऱ्यांदा कशाला हुंगेल? पोराचं नाक गेलं होतं आणि तो ते लपवत होता.

"मग सरळ सांगा ना मालकीणबाईंना," बायको म्हणाली.

"सांगितलं तर म्हणतील, हा जळतोय."

"जळताच आहात."

नाकसाहेबांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

बेत साधा होता. आज संध्याकाळी मालकीणबाई आणि धाकटा, दोघांनाही घरी बोलावलेलं. जिन, लाल वर्मुथ आणि ती लालभडक कडू दारू सारख्या मापाने, बर्फावर ढवळून, वर संत्र्याची साल: नेहमीचं नेग्रोनी कॉकटेल. धाकट्याच्या पेल्यात मात्र फुलांचा पाक. त्याला सांगायचं गुलाब आणि घालायचं लॅव्हेंडर. नाक शाबूत असेल तर तो पहिल्या घोटालाच ओरडेल.

बायकोने पाक पुन्हा केला आणि कारखान्यातल्या दोन तपकिरी बाटल्यांत भरला. एकीत गुलाब, दुसरीत लॅव्हेंडर.

"चिठ्ठ्या लावू का?"

"चिठ्ठ्या? या घरात?" नाकसाहेब हसले. त्यांनी दोन्ही बाटल्या आळीपाळीने नाकाशी धरल्या, डोळे मिटले आणि एक बाजूला काढली. "ही लॅव्हेंडर."

बायको काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात बेल वाजली.

मालकीणबाई आल्या, त्यांच्या मागून धाकटा. हवापाण्याच्या गप्पा झाल्या. नाकसाहेबांनी सगळ्यांसमोर पेले भरले. धाकट्याच्या पेल्यात बाजूला काढलेल्या बाटलीतला चमचाभर पाक घातला आणि त्याच्या हातात दिला.

"तुझ्यासाठी खास. गुलाबाचा."

धाकट्याने पेला नाकाशी नेला. थांबला. पुन्हा नेला. नाकसाहेब पुढे झुकले. मग धाकट्याने एक घोट घेतला.

"सुरेख, सर. कडूपणावर गुलाब अगदी मोकळा उमललाय."

"गुलाब?"

"हो, सर."

"नक्की?"

धाकट्याने एकदा मालकीणबाईंकडे पाहिलं. "नक्की."

नाकसाहेब उभे राहिले. इतका आनंद त्यांना कित्येक महिन्यांत झाला नव्हता, आणि तो लपवायचं त्यांना सुचलंही नाही.

"ऐकलंत, बाई? मी मुद्दाम लॅव्हेंडर घातलंय! लॅव्हेंडर! लहान मूलसुद्धा ओळखेल. याचं नाक तापात गेलंय आणि हा सहा महिने आपल्याला बनवतोय. अशा माणसाला तुम्ही माझी खुर्ची देणार?"

धाकट्याने पेला टेबलावर ठेवला. त्याने मान खाली घातली. बघा, कबूलच केलं, असं नाकसाहेबांना वाटलं.

मालकीणबाईंनी त्याचा पेला उचलून वास घेतला आणि हळूच खाली ठेवला. मग त्या उठल्या आणि नाकसाहेबांच्या बायकोला घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. दोघी बराच वेळ दबक्या आवाजात बोलत होत्या. नळ वाहिल्याचा आवाज आला. पेले विसळत असतील.

"माझं चुकलं, सर," धाकटा म्हणाला. "मीच आधी तुमच्याशी बोलायला हवं होतं."

"आता बोलून काय उपयोग?"

मालकीणबाई एक तपकिरी बाटली घेऊन बाहेर आल्या. बायको दारातच उभी राहिली, डोळ्यांना पदर लावून. बाटलीचं बूच काढून मालकीणबाईंनी ती नाकसाहेबांपुढे धरली.

"याचा वास घ्या. सावकाश. काय आहे?"

नाकसाहेबांनी डोळे मिटले आणि एक दीर्घ श्वास घेतला.

"हीच ती, लॅव्हेंडर. जरा उग्र उतरलंय, पण लॅव्हेंडरच. द्या त्याला, घेऊ दे वास."

मालकीणबाईंनी बाटली धाकट्याला दिली नाही. ती त्यांनी स्वतःच्या रिकाम्या पेल्यात उपडी केली आणि आत्ताच भरून आणलेलं ते नळाचं पाणी त्या एका दमात पिऊन गेल्या.